शेजारची वही

वर्गात बसलेल्या मुलाला स्वतःचं तोंड दिसत नाही, ही शाळेच्या रचनेतली केवढी मोठी दया होती, हे कळायला 2020 साल उजाडावं लागलं. वर्गात दिसतात त्या दुसऱ्यांच्या माना. पुढच्या बाकावरची तेल चोपडलेली वेणी, तिच्या टोकाला सुटत आलेली रिबीन, एखाद्या कॉलरवरचा शाईचा डाग, कुणाच्या कानामागे खोचलेली पेन्सिल. आयुष्याची दहा वर्षं माणूस असा दुसऱ्यांच्या मानांकडे पाहत काढतो आणि त्यातूनच बहुधा आपण एकटे नाही ही गोष्ट त्याच्या अंगवळणी पडते. ऑनलाइन वर्गाने एका फटक्यात सगळ्यांना पहिल्या बाकावर आणून बसवलं आणि प्रत्येकाच्या पुढ्यात आरसा ठेवला. पानिपताची लढाई ऐन रंगात आलेली असताना स्वतःची भुवई इतक्या जवळून निरखण्याची संधी आमच्या पिढीला काही मिळाली नव्हती. मुलं सुरुवातीला केस सारखे करत, मग जीभ काढून पाहत, मग स्वतःचाच कंटाळा येऊन कॅमेरा छताकडे वळवत, आणि मग बाई तीस फिरत्या पंख्यांना पानिपत शिकवत.

शाळा मार्चच्या मध्यावर बंद झाल्या तेव्हा दहावीची परीक्षा बहुतेक उरकली होती. राहिला होता तो भूगोलाचा पेपर. आधी तो पुढे गेला, मग रद्दच झाला. सगळं जग जागच्या जागी थांबलेलं असताना नेमका भूगोलच राहून जावा, यात परीक्षा मंडळाचा काही हात नसणार. पण नियतीलाही कधीमधी विनोद सुचतो. 15 जूनला नवं शैक्षणिक वर्ष सुरू झालं, निदान कागदावर, पण शिक्षण खात्याकडून रोजचा अभ्यास त्याआधीच मोबाइलवर येऊ लागला होता. त्या अभ्यासमालेचं नाव होतं, ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’. हे नाव मी पुष्कळ दिवस मनात घोळवत होते. घट फुटला तरी आकाश आहे, अशा थाटाचं ते वाक्य. खात्याच्या परिपत्रकात चुकून वेदान्त शिरावा तसं. आमच्या लहानपणी काही तासांना याच्या नेमकी उलट स्थिती असे. शाळा सुरू असे. पण त्यावर कुणी माला काढली नाही.

आमच्या घरची शाळा जेवणाच्या टेबलावर भरे. भावाची मुलगी तेव्हा पाचवीत होती. टेबलाच्या एका टोकाला तिचा वर्ग, दुसऱ्या टोकाला माझे कागद, आणि मधे सीमारेषा म्हणून लोणच्याची बरणी. केंद्र सरकारने जुलैत ‘प्रज्ञाता’ नावाची मार्गदर्शिका काढून पहिली ते आठवीच्या मुलांना दिवसाला 30 ते 45 मिनिटांचे दोनच तास नेमून दिले होते, आणि त्यातला चांगला चतकोर भाग एकाच प्रश्नात जाई: ‘आवाज येतोय का?’ बाई मुलांना विचारत, मुलं बाईंना विचारत, मधूनच कुणाचे तरी बाबा डोकावून सगळ्यांनाच विचारत. मग एखादी चिमुकली मुलगी ठणकावून सांगे, ‘मॅडम, तुम्ही म्यूट आहात!’ शिक्षकांना असं काही तोंडावर सांगता येणं आणि तरीही कोंबडा न व्हावं लागणं, हा त्या काळाचा एक मोठा लोकशाही लाभ मी समजते.

तो प्रश्न मात्र नवा नव्हता. आमच्याकडे तो वंशपरंपरेने आलेला आहे. आमच्या तालुक्याच्या शाळेत दूरदर्शन संच होता. तो लाकडी पेटीत असे, पेटीला सरकती दारं, दारांना कुलूप आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. 1984 साली पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली आणि तिचे शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवर लागू लागले, तेव्हा आम्हाला रांगेने त्या पेटीपुढे नेऊन बसवत. कुलूप उघडण्याच्या विधीला काकड आरतीचं गांभीर्य असे. मग पडद्यावर मुंग्या दिसत. शिपाईमामा कौलांवर चढून अँटेना फिरवत आणि वरून ओरडत, ‘आलं का?’ खिडकीत उभा केलेला दहावीतला एक दांडगा मुलगा खालून ओरडे, ‘नाही!’ ‘आता?’ ‘बाई आल्या, पण डोकं नाही!’ या संवादात कार्यक्रम संपे. पडद्यावर त्या दिवशी काय शिकवलं ते मला मुळीच आठवत नाही. पण मांडीला मांडी लावून बसलेल्या आम्हा सगळ्यांचा एकदम फुटलेला हशा अजून कानात आहे. बिनडोक्याच्या बाई सगळ्यांनी एकाच क्षणी पाहिल्या होत्या. बालचित्रवाणी 2017 साली बंद करण्यात आली आणि तिची खरी गरज पडली 2020 साली. सरकारी घड्याळात तीनेक वर्षांचा फरक पडतोच. त्या जुलैत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली, पहिलीपासून आठवीपर्यंतच्या मुलांसाठी, आणि ज्या घरात टीव्ही होता पण इंटरनेट नव्हतं तिथे शाळा पुन्हा एकदा अँटेनाच्या नाही तरी छत्रीच्या वाटेने आली.

लहानपणी बाजारात भाजी घेताना आमच्या गणिताच्या बाई दिसल्या की आमची पाचावर धारण बसे. चौकातला पुतळा चौथऱ्यावरून उतरून वांगी निवडताना दिसावा, तसं ते दृश्य. शिक्षक शाळा सुटल्यावर कुठे जातात, काय खातात, त्यांना कुणी रागावतं का, याबद्दल आमच्या मनात पूर्ण अंधार होता आणि त्या अंधारावरच त्यांचा दरारा उभा होता. भाचीच्या वर्गाने हा दरारा पहिल्या आठवड्यातच गमावला. बाईंच्या मागे एक जुनं पातळ पडद्यासारखं टांगलेलं होतं. ते कशासाठी, हे तिसऱ्या दिवशी वाऱ्याने उघड केलं: मागे गाद्यांचा ढीग, त्यावर झोपलेलं मांजर आणि कोपऱ्यात खाट. खाटेवरून कुणी तरी म्हाताऱ्या आवाजात चहा मागे. बाई ‘एक मिनिट हं मुलांनो’ म्हणून अपूर्णांक तिथेच ठेवून उठत, आणि तीस मुलं शिस्तीत त्या मांजराकडे पाहत बसत. इकडे मुलांची घरंही वर्गात आली होती. कुणाच्या मागून बनियन घातलेले आजोबा वाकून, अदृश्य होण्याच्या समजुतीने, सावकाश पडदा ओलांडत. कुणाकडे ऐन प्रार्थनेत कुकरची शिट्टी होई. एका मुलाचा वर्ग दुकानाच्या गल्ल्याशेजारी असे. त्याला उत्तर विचारलं की आधी ‘सुट्टे नाहीत’ ऐकू येई. कोण कुठे राहतं, कुणाच्या घरी एकच खोली आहे, हे वर्गात दहा वर्षं एकत्र काढूनही आम्हाला कधी कळलं नव्हतं. गणवेशाने ते झाकून ठेवलं होतं, आणि ते झाकण्यासाठीच तर गणवेश असतो.

या वर्गाची सर्वांत नेमाने हजर राहणारी विद्यार्थिनी पटावर नव्हतीच. ती म्हणजे माझी आई. सातवीनंतर तिची शाळा सुटली ती सुटलीच. लग्न, सासर, आम्ही. सत्तरी ओलांडल्यावर शाळा आपणहून टेबलावर चालत आलेली पाहून ती मटार सोलण्याच्या मिषाने भाचीच्या मागे खुर्ची टाकून बसू लागली. कॅमेरा सुरू झाला की पदर सारखा करी. तास संपला की अभिप्राय देई: ‘बाई चांगल्या आहेत गं, पण दम म्हणून घेत नाहीत.’ एक दिवस बाईंनी विचारलं, पाव आणि अर्धा मिळून किती? पंख्यांमधून उत्तर येईना. कुणी चॅटमध्ये ‘रेंज नाही’ लिहिलं, जे गणिताच्या तासाला नेहमीच खरं असतं. तेवढ्यात भाचीच्या मागून, शेंगा सोलता सोलता, खणखणीत उत्तर गेलं: ‘पाऊण!’ बाई थबकल्या. ‘कोण बोललं?’ भाचीने नाइलाजाने फोन वळवला आणि साठ वर्षांच्या खंडानंतर आईची हजेरी लागली.

पुढचा तास आईने घेतला, असंच म्हणायला हवं. तिला पावकी, निमकी, पाऊणकी येत होती, सवायकी आणि दीडकी येत होती, आणि औटकीसुद्धा. साडेतीनचा पाढा असतो आणि तो जिवंत माणसांना पाठ असतो, हे कळल्यावर तीसही कॅमेरे छतावरून खाली आले. मुलं आ वासून ऐकत होती. मग बाईंना उत्साह आला. त्या म्हणाल्या, सगळ्यांनी अनम्यूट करा, आजींच्या मागोमाग आपण एका सुरात म्हणू या. आणि इथे त्या सगळ्या थोर यंत्रणेचं पितळ उघडं पडलं. एका मुलाचा ‘अर्धा’ दुसऱ्याच्या ‘पाऊण’वर आदळला, तिसऱ्याचा मागच्या ओळीतला ‘पाव’ उशिराच्या एसटीसारखा सर्वांत शेवटी पोचला, मधेच सगळे आवाज गिळले गेले आणि एकट्या गल्ल्याशेजारच्या मुलाचा सूर उरला. त्या यंत्राला एका वेळी एकच आवाज कळतो. बाकीचे ते गोंगाट समजून दाबून टाकतं. शिवाय प्रत्येकाचा आवाज आपापल्या रस्त्याने, आपापल्या सवडीने येतो. एका सुरात पाढे म्हणणं, जे पडक्या देवळात भरणाऱ्या एकशिक्षकी शाळेलाही जमत आलं होतं, ते त्याला जमेना.

त्या दिवसापासून मी या गोष्टीचा विचार करते आहे. एका सुरात म्हणण्याला आपण घोकंपट्टी म्हणून पुष्कळ नावं ठेवली. पण त्या सुरात केवढा आडोसा होता! सत्तावीस नव्वे आलं की अर्धा वर्ग नुसते ओठ हलवी. उरलेल्या अर्ध्यातले काही जण शेवटचं अक्षर तेवढं जोरात म्हणत. ज्याला येत नसे तो येणाऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकून पुढे जाई आणि महिन्याभरात कधी तरी, नक्की कधी ते त्यालाही न कळता, त्याला यायला लागे. न येणं हा तिथे गुन्हा नव्हता, ती सगळ्यांनी मिळून राखलेली एक अवस्था होती. तीच गोष्ट शेजारच्या वहीची. शेजाऱ्याच्या वहीत डोकावणं म्हणजे कॉपी, हे परीक्षेपुरतं ठीक. एरवी शाळेतलं निम्मं शिकणं त्याच वाटेने होतं. फळ्यावरचं गणित चुकत नाही म्हणून त्यातून फारसं कळत नाही. शेजारणीचं खोडलेलं, पुन्हा मांडलेलं, पुन्हा खोडलेलं गणित पाहिलं की एकदम उजेड पडतो. ऑनलाइन वर्गात बाई दिसतात, फळा दिसतो, स्वतःची भुवई दिसते. शेजारची वही तेवढी दिसत नाही.

पण यंत्राचा एक गुण मान्य केला पाहिजे, त्याला राग येत नाही. भाचीने तो अपूर्णांकांचा धडा रात्री पुन्हा लावला, पुन्हा मागे नेला, पुन्हा लावला. आमच्या काळी ‘सर, पुन्हा सांगा’ हे वाक्य वर्षातून एकदा, तेही सर खुशीत असताना, म्हणता येई. वर्गात ज्यांचा आवाज कधीच कुणी ऐकला नव्हता अशा मुली चॅटमध्ये भराभरा उत्तरं लिहीत. लाजणाऱ्यांसाठी ही एक निराळी खिडकीच उघडली होती. आणि बालभारतीच्या पुस्तकांतल्या धड्यांशेजारी बसलेले ते काळेपांढरे चौकोन, जे मी तोवर नक्षी समजून सोडून देत होते, त्यांना अचानक वाचा फुटली. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड यावेत म्हणून खटपट करणाऱ्यांत सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी होते. त्यांना डिसेंबर 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलरचं, तेही राज्यातल्या प्राथमिक शाळांना कुलूप असताना. त्यांनी त्यातली अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकायचं जाहीर केलं. मधल्या सुट्टीत डबा उघडून आधी शेजाऱ्यापुढे सरकवावा, तसं. क्यूआर कोडचा शोध कुणी जपानी लावो. ही सवय खास बाकावर बसून लागलेली होती.

खरी अडचण फोनची होती, आणि तिच्यावर हसणं जड जातं. ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत 2021 साली खेड्यांतल्या शाळकरी मुलांपैकी साधारण 68 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला, 2018 साली हा आकडा 36.5 होता. म्हणजे तीन वर्षांत फोन जवळजवळ दुप्पट घरांत पोचले, आणि त्यातले पुष्कळसे एखादी शेळी किंवा कानातलं विकून पोचले असणार. पण घरात फोन असणं म्हणजे मुलाच्या हाती फोन असणं नव्हे. फोन असलेल्या घरांतल्याही चौथा हिस्सा मुलांना तो वापरायला मिळतच नव्हता. तो सकाळी बाबांबरोबर कामावर जाई आणि रात्री परत येई. तेव्हा शाळा भरे ती जेवणं झाल्यावर, अर्ध्या चार्जिंगवर, आधी दादाची, मग ताईची, मग उरलाच नेटपॅक तर धाकट्याची. अशा घरांतून मग आळीतली मुलं ज्याच्याकडे फोन असेल त्याच्या ओट्यावर जमत. सहा इंचांच्या पडद्यावर पाच डोकी वाकलेली, एकाला आवाज येई, दुसऱ्याला चित्र दिसे, तिसरा त्या दोघांच्या वहीत पाहून लिही. ऑनलाइन शिक्षणाचा उपयोग होतो का, असं हल्ली मला कुणी विचारलं तर मी उलट विचारते, फोनभोवती डोकी किती होती?

सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी तर फोनचा नादच सोडला. यंत्रमाग कामगारांची वस्ती; शिक्षकांनी तिथल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. सूत्रं, कविता, शब्द, आकृत्या. भिंतीला पासवर्ड लागत नाही आणि तिला कुणी म्यूट करू शकत नाही. दूध आणायला निघालेलं पोर वाटेत थांबून त्रिकोण वाचत राही, आणि दूध उशिरा आल्याबद्दल इतिहासात प्रथमच भूमितीकडे बोट दाखवता येई. पालघरच्या जव्हार-मोखाड्याकडच्या पाड्यांवर ध्वनिक्षेपक लावून पाठ ऐकवले गेले. मुलं अंतर राखून बसत, आवाज झाडीत घुमे, आणि मला खात्री आहे की पाठ संपल्यावर ‘काय म्हणाले रे?’ हा प्रश्न सगळ्यांनी एकमेकांना विचारला असेल. तो प्रश्न विचारायला कुणी शेजारी असणं, एवढंच तर हवं असतं.

निकाल काय लागला, तर 2021 साली दहावीचा लागला 99.95 टक्के. परीक्षा झालीच नव्हती. नववीचे गुण, वर्षभरातलं लेखी काम, तोंडी असं मिळून मूल्यमापन झालं. त्या उरलेल्या 0.05 टक्के मुलांबद्दल मला मनापासून कुतूहल आहे. सगळं जग हात धरून वर खेचत असताना आपली जागा न सोडणं हे सोपं नसतं. ‘असर’चे आकडे मात्र हसू देत नाहीत: तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचं पुस्तक वाचता येतं त्यांचं देशभरातल्या खेड्यांतलं प्रमाण 2018 मध्ये 27.3 टक्के होतं, ते 2022 मध्ये 20.5 वर आलं. सगळा दोष पडद्याचा नसेल. आधीचं 27 तरी कुठे मिरवण्याजोगं होतं. पण पहिली-दुसरी ही दोन वर्षं ज्यांनी शेजाऱ्याशिवाय काढली, ती मुलं पुढे वर्गात आली तेव्हा ओळीत उभं राहताना दोघांत किती अंतर ठेवायचं हेच त्यांना उमगत नव्हतं, असं एक शिक्षिका मला सांगत होत्या.

आता शाळा पूर्ववत आहेत, आणि ऑनलाइन वर्गाने आपलं बस्तान वेगळ्याच जागी बसवलं आहे. त्याने पावसाची सुट्टी खाल्ली. आमच्या साताऱ्यात पाऊस चढला की कलेक्टरसाहेबांच्या आदेशाची वाट पाहणं हा मुलांचा पिढीजात सण होता. भिजत शाळेत जायचं, फाटकावर शिपायाने ‘सुट्टी आहे, घरी जा’ म्हणायचं आणि त्याहून जास्त भिजत, डबक्यांतल्या पाण्याचा एकही थेंब वाया न घालवता परत यायचं. हल्ली आदेश रात्रीच मोबाइलवर येतो आणि त्याच्या शेपटाला आणखी एक ओळ असते: वर्ग ऑनलाइन होतील. भाची नववीत असताना असाच एक दिवस उगवला. बाहेर पाऊस असा की समोरचा अजिंक्यतारा पुसून गेलेला. मुलीने फोन उघडला, गटावर नजर टाकली आणि शांतपणे लिहिलं, ‘मॅडम, आमच्याकडे लाइट गेली आहे.’ डोक्यावर ट्यूबलाइट लखलखत होती. तिच्या पाठोपाठ दुसरीचा निरोप आला, आमच्याकडेही. मग तिसऱ्याचा, चौथ्याचा. बघता बघता अख्खा वर्ग अंधारात गेला, आणि या वेळी एकाचाही सूर मागे राहिला नाही. बाई त्याच, पाचवीपासूनच्या, पातळाच्या पडद्यावाल्या. त्या राहतात आमच्याच गल्लीच्या तोंडाशी. थोडा वेळ गटावर काहीच आलं नाही. मग त्यांचा निरोप आला: ‘माझ्याकडेही गेली आहे. उद्या वर्गातच भेटू.’ आई गॅलरीत उभी होती. तिने गल्लीच्या तोंडाकडे, बाईंच्या खिडकीत झगझगीत पेटलेल्या दिव्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘शिकल्या हो बाई दम घ्यायला. भजी करते, त्यांनाही चार नेऊन दे.’